फाईल घेऊनच या

मीरा रोड,
९ एप्रिल २०२५

चि. अंबिका,

आशीर्वाद आधी, भांडण मागून.

रविवारी फोनवर तू रडलीस आणि मी फोन ठेवून दिला. त्यानंतर तुझ्या हंसामामीनं मला जेवायला वाढलं, पण स्वतः समोर बसली नाही. तेव्हा यापुढे हा विषय पत्रातच बोलायचा. फोनवर आपण दोघं एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. कागदावर निदान मध्येच तोडता येत नाही. उत्तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पिनकोड स्पष्ट लिही. तुझा एक आणि सात सारखाच दिसतो.

मुद्दा असा. तू न्यायसहायक विज्ञानात बी.एस्सी. झालीस, पहिल्या वर्गात. त्याच विषयात एम.एस्सी.ला तुझं नाव लागलंय. पुढं सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक होता येतं, खासगीत हस्ताक्षरं तपासता येतात, मोबाइल-संगणकाचे पुरावे काढता येतात. मी जाहिरातींची कात्रणं पाकिटं करून लावली आहेत. विष आणि रक्त एका पाकिटात, कागदपत्रं दुसऱ्यात, सायबर तिसऱ्यात. हे सगळं समोर असताना तुला गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयात एम.ए. करायचंय.

मी चौकशी केली नाही असं समजू नकोस. भाईंदर पश्चिमेला शैक्षणिक मेळावा होता. तिथल्या टेबलावरच्या मुलाला विचारलं, हे केल्यावर माणूस काय होतो? तो म्हणाला, "सर, पोलीस." म्हटलं, त्याला एम.ए. कशाला लागतं? तो म्हणाला, "सर, मोठा पोलीस." पुढं काय ते ज्याच्या टेबलावर ठाऊक नाही, ते शिक्षण मी तुला कसं घेऊ देऊ?

माझं कॉलेज सुटलं हे तुला माहीत आहे. अपघाताच्या गाड्या तपासायचं काम मी पुस्तकं वाचून आणि रस्त्यावर गुडघे टेकून शिकलो, कुणी शिकवलं नाही. आज विमा कंपन्या माझ्या अहवालावर विसंबतात. एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली. ड्रायव्हर खोटं बोलतो, धडकलेला खोटं बोलतो, बघणारा तर हौसेनं खोटं बोलतो. रस्त्यावरचा टायरचा व्रण खोटं बोलत नाही. प्रयोगशाळेत तुला वस्तू भेटतील. त्या एम.ए.त माणसं भेटतील.

दहा जुलैपर्यंत दोन्हीपैकी एक जागा पक्की करायची आहे. तुझी आई गेल्यापासून तू या घरात वाढलीस आणि माझ्या होकाराशिवाय पुढचं पाऊल टाकणार नाही म्हणालीस. तो होकार सहजी मिळणार नाही, एवढं मी लिहून देतो.

दत्तामामा


रत्नागिरी,
१७ एप्रिल २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. आशीर्वाद पोहोचले आणि भांडणही. एक आणि सात या पाकिटावर वेगळे काढलेत, बघून घ्या.

'मोठा पोलीस' मी इथल्या कायदा-मदत संस्थेच्या ऑफिसात वाचून दाखवलं. सगळे हसले, प्रत्येकाच्या घरी हेच विचारतात म्हणे. मामा, हे शिकलेला माणूस परिवीक्षा अधिकारी होतो. म्हणजे गुन्हा केलेल्या मुलाच्या घरी जाऊन, त्याला तुरुंगात न धाडता कसं सुधारता येईल ते न्यायालयाला सांगतो. कारागृहात कल्याण अधिकारी होतो. कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेत जातो, संशोधन करतो, नेट दिली तर कॉलेजात शिकवतो. जाहिराती कमी निघतात हे कबूल. तुमचं हे पाकीट बारीकच राहील.

पण मी इथं अनुभवासाठी आले आणि काय बघतेय ते सांगते. आम्ही आठवड्यातून तीनदा कारागृहात जातो. तिथं अशी माणसं आहेत की ज्यांचा जामीन कधीच मंजूर झालाय, तरी ती आतच आहेत. बाहेर जामीन राहायला कुणी नाही.

त्यातला एक तुमच्या बाजूचा आहे, भाईंदरजवळच्या उत्तनचा. निकेत नाव, बावीस वर्षांचा. बापाशी भांडून इकडच्या बोटीवर खलाशी म्हणून आला. मालकाच्या बोटीतलं डिझेल विकल्याचा आरोप आहे. विकलं की नाही ते न्यायालय ठरवेल, पण ते ठरेपर्यंत तो बाहेर राहू शकतो. जामीनदार नाही म्हणून आमच्या वकील मॅडमनी जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर सोडायचा अर्ज केलाय. न्यायाधीश म्हणतात, निदान घरचं एक माणूस येऊन हा आमचा आहे एवढं सांगू दे. आम्ही घरी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. फोन लावला की कट होतो.

मामा, तुम्ही उत्तनला जाल का? वडिलांचं नाव तुळशीराम, आईचं लक्ष्मी. बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत हिरव्या दाराचं घर, समोर बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या. निकेतला विचारूनच हे लिहितेय. शेजाऱ्यांसमोर तुरुंगाचं नाव काढू नका. चौकशी करायची नाही, नुसतं भेटायचं.

तुम्ही एकदा हे काम स्वतः करून बघावं, हाही माझा डाव आहे. लपवत नाही.

तुमची,
अंबिका


मीरा रोड,
२८ एप्रिल २०२५

चि. अंबिका,

काम केलं. जसं घडलं तसं लिहितो, मत शेवटी देतो.

शनिवारी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाईल, खांद्याला कॅमेरा. घर लगेच सापडलं. दार हिरवं खरं, पण खालच्या बाजूनं रंग खाऱ्या हवेनं फुगून सुटलाय. समोर वलांड्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. माझ्या सवयीप्रमाणे आधी घराचा समोरून एक फोटो घेतला, म्हणजे जागेबद्दल मागून वाद नको.

फोटो घेतला तशी समोरच्या ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बाया थांबल्या. दारात एक बाई आल्या, पन्नाशीच्या. आत एक माणूस दाराकडे पाठ करून जाळं विणत बसला होता. मी नाव सांगितलं आणि विचारलं, निकेत तुळशीराम या घरातला का? बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फाईलकडे बघितलं.

"आमचे घरान तसा कोन न्हाय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, मुलं किती? म्हणाल्या, दोन पोरी, दोघींची लग्नं झाली. आतल्या माणसाची सुई थांबली नाही. तुझ्या सूचनेप्रमाणे तुरुंग हा शब्द मी उच्चारला नाही. एका कामात मुलाची ओळख पटवायची आहे, लांब रत्नागिरीला आहे तो, एवढंच बोललो. त्यावर बाई म्हणाल्या, "बसा," आणि आत गेल्या. मी ओट्यावर बसून जबाब लिहून घेतला. आतून काहीतरी भाजल्याचा वास येत होता. चुलीवरचं काम टाकून आल्या असाव्यात, असं मला वाटलं.

बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि वर्तमानपत्राची एक पुडी माझ्या फाईलवर ठेवली. उघडून बघितली. भाजलेले सुके बोंबील, डोकी खुडलेले, मीठ-हळद लावलेले. आता तुला माझा नियम माहीत आहे. ज्याचा जबाब घ्यायचा त्याच्याकडे चहासुद्धा घ्यायचा नाही. शिवाय मासळीची पुडी घेऊन मी घरी आलो असतो तर तुझ्या मामीनं मला जिन्यातच आंघोळ घातली असती. मी पुडी ओट्यालगतच्या दगडी गडग्यावर ठेवली आणि आभार मानले. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या, पुडीकडे बघत होत्या.

माझं मत: पत्ता चुकीचा किंवा मुलगा खोटं सांगतोय. घरावरून तर दुसरं काही वाटत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. माणसांच्या बाजूनं उभं राहिलं की असं तोंडावर पडायला होतं. म्हणून सांगत होतो.

दत्तामामा


रत्नागिरी,
६ मे २०२५

प्रिय मामा,

पत्र मिळालं. तुम्ही उन्हात गेलात, आभार.

वकील मॅडमना सांगितलं की घर सापडलं पण मुलगा आमचा नाही म्हणतात. तारखेला न्यायाधीशांनी तेच विचारलं, मॅडमना तेच सांगावं लागलं. अर्ज पुढं ढकलला. निकेतला मी एवढंच सांगितलं की घरच्यांनी ओळख दिली नाही. तो हसला. म्हणाला, मग मी आलो कुठून? त्यानंतर दोनदा बोलावलं, भेटायला आलाच नाही.

तुम्ही म्हणता तसंच असेल. एम.एस्सी.साठी कागद काय काय लागतात ते कळवा. मी इथून गोळा करायला लागते.

अंबिका


मीरा रोड,
१४ मे २०२५

चि. अंबिका,

कागदांची माहिती सोबतच्या वेगळ्या पानावर दिली आहे. गुणपत्रिकांच्या प्रती साक्षांकित करताना शिक्का नावावर येऊ देऊ नकोस.

तुझं पत्र केबिन रोडच्या माझ्या गाळ्यावर आलं, तिथंच वाचलं. इतकं लहान पत्र तू मला कधी लिहिलं नाहीस. मला जे हवं होतं तेच त्यात होतं, तरी मी ते घरी नेऊन मामीला दाखवलं. का, ते सांगता येत नाही.

तिनं वाचलं. मग मला म्हणाली, उत्तनला नक्की काय झालं ते परत सांगा. मी सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमानं. पुडीपाशी तिनं मला थांबवलं आणि आपल्या गुजराती वळणानं विचारलं, "पुडी गरम हती?"

हा काय प्रश्न? पण खरं ते खरं. गरम होती. फाईलच्या पुठ्ठ्यावर तेलकट वर्तुळ उमटलंय, ते अजून आहे. मी तसं सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली, पण माझ्या ताटात आली ती पोळी करपलेली होती. आणि हंसाच्या हातून पोळी करपत नाही.

तू विज्ञान शिकलीस, तू सांग. पुडी गरम असण्यानं काय सिद्ध होतं? मी बसलो असताना भाजली, एवढंच ना?

निकेत जेवतो का?

दत्तामामा


रत्नागिरी,
२४ मे २०२५

प्रिय मामा,

कागद बाजूला ठेवलेत. आधी हे वाचा.

निकेत परवा भेटायला आला. मी तुमचं अठ्ठावीस एप्रिलचं पत्र बरोबर नेलं होतं. त्याला वाटत होतं की मी कुणाला पाठवलंच नसेल, संस्थावाले असंच सांगतात. म्हणून त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं, पहिल्यापासून. दाराचा फुगलेला रंग ऐकून तो म्हणाला, बरोबर आहे. जबड्यात अडकवलेल्या जोड्या ऐकून म्हणाला, तसंच टांगतात. पुढं पुडीपर्यंत आले. 'डोकी खुडलेले' वाचलं आणि त्यानं टेबलावर हात ठेवला. मी थांबले.

"डोकी आय माझेसाठीच खुडते," तो म्हणाला. "बापूस डोक्यासकट खातो."

मग त्यानं सांगितलं ते तुम्हाला लिहिते. त्यांच्याकडे पाहुणा आला की ताजी मासळी करून वाढतात, नाहीतर कच्ची सुकी बांधून देतात. भाजून, मीठ-हळद लावून पुडी बांधतात ती फक्त बोटीवर निघालेल्या घरच्या माणसासाठी. तिथं चूल नसली तरी खाता यावं म्हणून. मामा, तुम्ही तुरुंगाचं नाव काढलं नाहीत, पण त्याला चूल नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं पुडी तुम्हाला दिलीच नव्हती. तुमच्या फाईलवर ठेवली, कारण ती फाईल त्याच्याकडे जाणार होती.

तुमचा राग येणार होता मला. थोडा आलाही. पण तुम्ही एका ओळीत 'कोणी नाही' लिहून पाठवलं असतं तर हे कधी कळलंच नसतं. तुम्ही सगळं बघितलंत, मामा. बघितलेलं सगळं लिहिलंत. फक्त अर्थ दुसराच लावलात.

परत जाल का? फाईल नको, कॅमेरा नको. मामीला घेऊन जा. आणि पुडी दिली तर घ्या. आत देता येत नाही, तसा नियम आहे, पण घ्या.

निकेत त्या दिवशी जेवला. वॉर्डातल्या बाकीच्यांना बोंबील कसे खुडायचे ते शिकवत होता म्हणे, बोंबील नसताना.

तुमची,
अंबिका


मीरा रोड,
५ जून २०२५

चि. अंबिका,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मामीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं न वाचताच परत दिलं. म्हणाली, मला त्याच दिवशी समजलं होतं. तुम्ही नाही समजलात हे मला त्या पोरीला कळवायचं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात हा माझा पहिला पराभव नव्हे, पण मासळीच्या बाबतीत एका गुजराती बाईकडून झालेला पहिलाच.

परवा आम्ही दोघं गेलो. एक जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बोटी वर ओढलेल्या आणि गल्लीभर जाळी पसरलेली. हंसानं बसमधून उतरताना नाकाला पदर लावला होता. घर दिसलं तसा तिनंच तो काढला. मी गल्लीच्या तोंडाशी थांबलो, तिचंच फर्मान होतं. लक्ष्मीबाई बाहेर भांडी घासत होत्या. हंसा जाऊन त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि हिंदीत म्हणाली, "हमारी लड़की उसको देखके आती है. ठीक है वो. खाता है."

लक्ष्मीबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. त्यांनी आधी घराकडे बघितलं, मग पदराचा बोळा तोंडात धरला. हंसानं पातेलं त्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतः विसळायला लागली.

मग मला बोलावलं. लक्ष्मीबाई मला म्हणाल्या, "दादा, तुमी फोटो काढलात, तवाच मी समजली, पोलीस." पहिल्यांदा निकेतची बातमी घेऊन माणूस आला होता, त्याच्याही हातात फाईल होती, त्यानंही आधी फोटो घेतला. सगळी गल्ली बघत होती. त्या दिवशी तुळशीरामनं घरात सांगितलं, या घरात मुलगा नाही, पुन्हा नाव काढायचं नाही. बाईंनी नाव काढलं नाही. पण घरात फक्त दोन पोरी आहेत हे मला सांगताना त्या आत तवा तापत ठेवून आल्या होत्या. आणि मी त्यांचा जबाब लिहीत बसलो होतो.

न्यायालयात यायला त्या तयार आहेत. तुळशीराम आतच होता, पाठ करून. त्यानं हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. मी त्याला मुद्दाम काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला नाही म्हणावं लागलं असतं, एवढं आता मला कळायला लागलंय.

निघताना पुडी आली. हंसानं ती स्वतःच्या हातानं घेतली. घरी आल्यावर तिचं नाव कोरलेल्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि डबा बाल्कनीत, तुळशीपासून लांब. तिच्या माहेरी कळलं तर काय होईल ते मी विचारलं. म्हणाली, तुम्ही कळवू नका म्हणजे झालं.

एकवीस तारखेचं तिकीट काढलंय, दोघी बायकांचं. माझं घोडबंदर रोडला उलटलेल्या टँकरचं काम आहे, ते टळत नाही. तारीख तेवीसच ना? वकील मॅडमना विचारून खात्री करून घे. आधारकार्डाची मूळ प्रत न्यावी लागेल. बाईंच्या कार्डावर नाव लक्ष्मीबाई आहे, अर्जात लक्ष्मी लिहिलं असेल तर आधीच दुरुस्त करा.

दत्तामामा


रत्नागिरी,
२४ जून २०२५

प्रिय मामा,

हे पत्र पोस्टानं नाही, मामीच्या हाती देतेय. निकेतही तिच्याबरोबर येतोय.

काल न्यायालयात पाळी यायला दुपार झाली. मामी आणि लक्ष्मीबाई बाहेरच्या बाकावर सकाळपासून. एक गुजरातीत बोलत होती, दुसरी कोळी बोलीत, आणि मी विचारलं तर दोघींनी सांगितलं की सगळं समजतंय. आत न्यायाधीशांनी विचारलं, हा कोण? लक्ष्मीबाई म्हणाल्या, "माझा पोऱ्या हाय." मग थांबून म्हणाल्या, "धाकटा." त्याला थोरला कुणी नाही, मामा. दोन बहिणींनंतरचा, म्हणून धाकटा. पण न्यायाधीशांनी पुढं काही विचारलं नाही. जातमुचलक्यावर सोडायचा हुकूम झाला. त्याला तारखांना यावं लागेल, खटला चालूच आहे.

संध्याकाळी निकेत कारागृहाच्या फाटकाबाहेर आला तेव्हा मामीनं बोंबलांचा डबा उघडला आणि तोंड फिरवून लांब जाऊन उभी राहिली. त्यानं तिथंच, उभ्यानं, सगळे संपवले. शेवटचा हातात धरून बराच वेळ नुसता बघत होता.

आता एक अडचण आहे. लक्ष्मीबाई त्याला घरी न्यायला घाबरतायत. बाप दारातून परत घालवेल, आणि गल्लीसमोर एकदा शब्द गेला की तो माणूस मागं घेणार नाही, असं म्हणतात. म्हणून उद्या ते तुमच्याकडे उतरतील आणि परवा सकाळी तुम्ही त्यांच्याबरोबर उत्तनला जावं. मी म्हटलं, मामा नक्की येतील, साध्या कपड्यात येतील. तर बाई म्हणाल्या, नको. "तो पांढरा शर्ट घालून या म्हणाव. आनि फाईल घेऊनच या. सरकारी माणसासमोर तो पोराला घालवनार न्हाय."

मी तुम्हाला फाईल नेऊ नका म्हटलं होतं. माझंही चुकलं, तिचाही उपयोग असतो.

दहा जुलै जवळ आली. एम.एस्सी.चे कागद तयार आहेत, तुम्ही सांगाल तर जागा पक्की करते. एम.ए.चेही तयार आहेत. यावर मी आता काही वाद घालणार नाही. तुम्ही दोन्ही बघितलंत.

तुमची,
अंबिका


मीरा रोड,
२९ जून २०२५

चि. अंबिका,

क्रमानं लिहितो, कारण क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

निकेत आमच्याकडे एक रात्र राहिला. अंगानं बारीक, बोलायला कमी. सकाळी उठून त्यानं बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीची गाठ सोडून नव्यानं मारली. म्हणाला, तुमची गाठ वाऱ्यात सुटेल. मी ती गाठ नीट बघून ठेवली आहे.

पांढरा शर्ट घातला. फाईल घेतली. आत काय ठेवावं ते कळेना. रिकामी फाईल हातात हलकी लागते आणि लोकांना ते कळतं. म्हणून तुझ्यासाठी काढलेल्या कात्रणांची तिन्ही पाकिटं तिच्यात घातली.

गल्लीत शिरलो तसे सगळे बघायला लागले. लक्ष्मीबाई पुढं, मधे निकेत, मागं मी. तुळशीराम बाहेरच ओट्यावर जाळं मांडून बसला होता, या वेळी पाठ करून नाही. त्यानं मला ओळखलं, फाईल बघितली. मग मुलाकडे बघितलं. निकेत ओट्याच्या खाली उभा राहिला. मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आलो होतो, न्यायालयाचा हुकूम, तारखा, सगळं. त्यातलं काही मी बोललो नाही.

तुळशीरामनं जाळ्याचा फाटका भाग ओढून आपल्या पलीकडे सरकवला. ओट्यावर एका माणसापुरती जागा झाली. मग दोऱ्याची एक सुई उचलली आणि मुलाकडे न बघता हात लांब केला. निकेतनं चपला काढल्या, वर बसला, सुई घेतली. दोघंही जाळं विणायला लागले. समोरच्या बाया पुन्हा आपल्या कामाला लागल्या. एवढंच झालं. बोलणं झालं ते मी निघताना, आणि तेही माझ्याशी.

"साहेब," तुळशीराम म्हणाला, "तुमचे फाईलीत काय लिवलात?"

मी म्हटलं, अजून काही नाही.

तो म्हणाला, "मंग नका लिवू."

अंबिका, मी घरी येऊन लिहायला बसलो होतो. ओट्यावरची जागा कशी झाली, सुई कुठल्या हातानं दिली, सगळं मला दिसत होतं. पण हे कशाखाली नोंदवायचं ते कळेना. मी जी पुस्तकं वाचली त्यात याला रकाना नव्हता. टायरच्या व्रणावरून गाडी कुठून आली ते मला सांगता येतं. माणूस 'न्हाय' म्हणतो तेव्हा तो कुठून येतो, हे तू शिकून ये. आलीस की मला शिकव. मी चांगला विद्यार्थी आहे, हे तुला ठाऊक आहे. फक्त शिकवणारा मला उशिरा मिळाला.

दत्तामामा

ता. क. जागा पक्की करताना नाव आधारवर आहे तसंच भर, आईच्या नावासह. एम.एस्सी.च्या ठिकाणी नकार लेखी कळव, म्हणजे ती जागा दुसऱ्या कुणाला वेळेत मिळेल. चौथं पाकीट केलंय. त्यात अजून एकच कात्रण आहे, परिवीक्षा अधिकाऱ्याचं. आणि लक्ष्मीबाईंनी धुवायला म्हणून नेलेला डबा उत्तनहून परत आला, घासून लख्ख केलेला, आत घरच्या झाडाच्या चिंचा. मामीनं तो बाल्कनीत न ठेवता पुन्हा स्वयंपाकघरात ठेवलाय.